पाच दाणे

नोराची दिल्लीची गाडी चार दहाची. पण देवरावांनी अडीचलाच ऑटो आणून फाटकाशी उभा केला. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं भोंग्यावर काढलेला माणूस. रिटायर झाले तरी अंगातला भोंगा काही गेला नव्हता. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. ऑटोवाला घामाघूम, आणि देवराव त्यालाच गाडी कशी चुकते ते समजावून सांगत होते.

आत स्वयंपाकघरात नोरा पाटावर बसली होती. ही आयर्लंडची पोरगी. दोन वर्षांपासून नागपुरात बेसाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि देवराव-यमुताई या नवराबायकोच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. दिवसभर पोरांना इंग्रजी शिकवायची, संध्याकाळी यमुताईंकडून नागपुरी शिकायची. दोन्हींत नागपुरीची प्रगती जास्त. शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या आणि ती दोन महिने हिमाचल, लडाख फिरायला निघाली होती.

यमुताई तिची ओटी भरत होत्या. लग्न न झालेल्या पोरीची ओटी भरत नसतात, असं शेजारच्या पुष्पलताबाईंनी दोनदा सांगून पाहिलं होतं. यमुताईंनी ते कानाआड केलं. घरातून पोरगी चालली म्हणजे ओटी भरायचीच, हा त्यांचा कायदा. नोराच्या अंगावर टीशर्ट आणि सतरा खिशांची पॅन्ट, त्याला पदर कुठून असणार? म्हणून यमुताईंनी कपाटातून मुग्धाची हिरवी ओढणी काढून तिच्या खांद्यावर टाकली होती.

मुग्धा ही त्यांची एकुलती एक लेक. तीही इंग्रजीच शिकवते, व्हिएतनाममध्ये. तीन वर्षं झाली, घरी आलेली नाही. सुट्टी लागली की मैत्रिणींबरोबर कुठं कुठं फिरते आणि फोटो पाठवते. आज सकाळीच तिचा फोन आला होता. या उन्हाळ्यात लाओसला जाणार होती. नागपुरात मे महिन्यात येऊन काय कूलरसमोर बसू, पुढच्या वर्षी नक्की येते, म्हणाली. यमुताई बरं म्हणाल्या.

ओटी भरली की त्यातले पाच दाणे घरच्या तांदळाच्या कोठीत परत टाकायचे, म्हणजे पोरगी परत येते, असं यमुताईंचं पक्कं म्हणणं. मुग्धा निघाली त्या दिवशीही देवरावांनी असाच ऑटो दोन तास आधी आणला होता. त्या धांदलीत दाणे टाकायचे राहून गेले. देवराव म्हणतात, हा निव्वळ खुळेपणा आहे. पण नोरा मागच्या उन्हाळ्यात दाणे टाकून गेली आणि परत आली. दिवाळीत टाकून गेली, परत आली. तिची इथं नोकरी आहे, येणार नाही तर काय करेल, असं देवराव म्हणाले, तेव्हा यमुताई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नव्हत्या.

तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस ओढणीत पडलं. कुंकू लावता लावता यमुताईंनी सहज विचारलं, तुझी आई आता काय करत असेल? नोरा म्हणाली, तिथं सकाळ आहे, गाईंचं करत असेल. घरी ती एकटीच असते.

"तू किती दिवसाची गेली नाही तिच्याकडं?"

"दोन वर्षं झाले." नोरानं ओढणी नीट सावरली. "तिकडं पाऊसच असतो, यमुताई. पुढच्या वर्षी नक्की जातो मी."

यमुताईंचं बोट तिच्या कपाळावरच थांबलं. मुग्धाचे सकाळचेच शब्द.

"ती बोलावत नाही तुले?"

"नाही. ती कधीच काही म्हणत नाही."

"माय म्हणत नसते वं," यमुताई म्हणाल्या.

बाहेरून देवरावांची हाक आली. नोरा लगबगीनं उठली. तिला आता सगळं पाठ होतं. ओटी सांभाळत ती कोठीपाशी गेली, झाकण काढलं, मोजून पाच दाणे चिमटीत घेतले. यमुताईंनी पुढं होऊन तिचं मनगट धरलं.

"इथं नको टाकू."

नोराला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. तिनं दाणे पुन्हा मोजले. पाचच होते. यमुताईंनी ते तिच्या बोटांतून काढून घेतले, ओढणीच्या टोकात बांधले आणि गाठ दातांनी आवळली.

"हे तुह्या मायच्या घरी टाकजो. तिथं काय असते, गहू असो का पीठ असो, त्यात टाकजो."

"मग मी इथं परत कशी येईन?"

यमुताई कोठीकडे बघत राहिल्या. झाकण अजून उघडंच होतं.

"नको येऊ," त्या म्हणाल्या. "एखाद्या मायची तरी पोरगी घरी जाऊ दे."

ओटीतलं सामान यमुताईंनी कापडी पिशवीत भरून दिलं. ओढणी परत द्यायला नोरा ती खांद्यावरून काढू लागली, तर यमुताईंनी ती पुन्हा नीट बसवली. देवराव तोवर ऑटोत पुढं जाऊन बसलेही होते. नोरा मागं बसली, पाठीवरची भलीमोठी बॅग मांडीवर घेतली, ऑटो निघाला. ओढणीचं एक टोक बाहेर लोंबत राहिलं.

यमुताई फाटकापर्यंत उन्हात अनवाणी धावल्या.

"ओढणी आत घे वं, चाकात जाईन."

नोरानं वाकून ते टोक आत ओढलं, गाठ चाचपून पाहिली आणि मूठ मिटली.