रावसाहेबांच्या गाडीचा काटा

काटा पुन्हा उडाला. पंधरावरून चाळिसावर गेला, थरथरला आणि शून्यावर आपटला. वेगाच्या मीटरच्या पोटात कुणीतरी दात खात बसल्यासारखी करकर चालली होती. भिवाजीनं गाडी आपल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये घेतली आणि इंजिन बंद केलं.

“उद्या मॅजिस्ट्रेट साहेब या गाडीत बसणार आहेत,” बाजूला बसलेले रावसाहेब म्हणाले. “काटा जागेवर राहिला पाहिजे. आवाज नको. कळलं का रे?”

भिवाजीला कळलं होतं. सगळ्या खालापूरला कळलं होतं. कर्जतच्या या भातगिरणीवाल्यानं भर दिवसा गाडीनं धाऊ ठाकराची बायको उडवली होती. पारू डोक्यावर गवताचा भारा घेऊन बाजाराला निघाली होती. भारा एका शेतात सापडला, पारू दुसऱ्यात. तरी रावसाहेब कोर्टात शपथेवर बोलले: माझी नजर काट्यावर होती, काटा पंधरावर होता, बाईच आडवी आली. ताशी पंधरा मैलांनी जाणाऱ्या गाडीनं माणूस बांधापलीकडे जाऊन पडत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मेलेली बाई ठाकरीण होती आणि काटा रावसाहेबांचा होता. तेव्हा साक्ष काट्याचीच धरायची ठरली; उद्या साहेब स्वतः गाडीत बसून काटा पाहणार होते.

रावसाहेब गेल्यावर धाऊ आला. शेडच्या दाराशी उकिडवा बसला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

“दादा, मानूस खोटा बोलंल. ह्यो काटा नाय ना बोलणार?”

“माणसापरीस काटाच खोटारडा हाय रं, धाऊ.”

“मंग त्ये सायबाला दिसंल?”

भिवाजीनं हत्यारं उचलली. तो गाडीखाली शिरला. गिअरपेटीपासून मीटरपर्यंत फिरणारी तार त्यानं ओढून काढली. कोरडी ठणठणीत होती. एका जागी मुरगळून तिचे पीळ सुटले होते. रावसाहेबांनी पायाशी हत्यारांची पत्र्याची पेटी ठोकून घेतली होती. तिच्याखाली तार दुमडत होती. अपघाताच्या आधी, दिवाळीत, हीच तार भिवाजीनं साफ करून, वंगण देऊन बसवली होती. पेटी हलवा, नाहीतर काटा पुन्हा नाचेल, असं तोंडानं सांगितलंही होतं. रावसाहेब म्हणाले होते, बघू. बड्या लोकांचं बघू म्हणजे नाही.

काम अवघड नव्हतं. घासलेटात धुवायची, पीळ बसवायचा, वंगणाचं बोट फिरवायचं, तार पेटीपासून दूर घ्यायची. काटा गाईसारखा गरीब झाला असता. मग साहेबांनी तो पाहिला असता आणि म्हटलं असतं, वा, काटा तर खरा आहे. पंधरा म्हणजे पंधराच.

कर्जतपासून घाटापर्यंत मोटारीचं काम जाणणारा तो एकटाच. त्याच्या शेडमधून गाडी कुरकुरत बाहेर पडली, असं कुणी म्हटलेलं नव्हतं. तार त्याच्या हातात होती. घासलेटाचा डबा जवळच होता. मग त्यानं ती तशीच, कोरडी, मुरगळलेली, पुन्हा आत सरकवली आणि आटे घट्ट केले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काम मुद्दाम नासवलं.

“दिसंल, धाऊ,” तो हात पुसत म्हणाला. “उद्या सायबाला समदं दिसंल.”

आणि दिसलं. कचेरीपुढच्या रस्त्यावर गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली, तरी काटा चाळिसाला जाऊन नाचू लागला. करकर एवढी, की रस्त्याकडेला उभी असलेली माणसं हसली. भिवाजी फूटबोर्डावर उभा होता. साहेबांच्या कपाळाला आठी पडलेली त्यानं पाहिली. रावसाहेबांचा चेहरा उतरलेला पाहिला. पारू जिंकली, असं त्याला वाटलं. तेवढं एक क्षणभर.

गाडी थांबली. मागच्या सीटवरून रावसाहेबांचे वकील खाली उतरले, सावकाश, धोतराचा सोगा सावरत.

“साहेब, कालच दुरुस्त होऊन आलेला मीटर हा असा,” ते म्हणाले. “मग त्या दिवशी तो कसा असेल? माझ्या अशिलानं पंधरा पाहिले, पंधरा सांगितले. यंत्रानं सभ्य गृहस्थाला फसवलं. गुन्हा गाडी चालवणाऱ्याचा नाही. मीटर ज्यानं दुरुस्त केला, त्याचा आहे.”

साहेब वळले. “मीटर कोणी दुरुस्त केला?”

“यानंच,” रावसाहेब म्हणाले. चेहरा पुन्हा वर आला होता. “दिवाळीतही यानं, कालही यानं. आम्ही विश्वासानं देतो, साहेब.”

“खरं आहे?”

“व्हय, साहेब, पण...”

पण काय? मुद्दाम नासवला म्हणावं, तर भिवाजी सरळ तुरुंगात आणि मग रावसाहेबांचे पंधरा पुन्हा खरे. दोष चुकून राहिला म्हणावं, तर वकील म्हणतात तेच खरं. पेटी हलवा म्हणून सांगितल्याला साक्षीदार नव्हता. 

“याला थांबवून घ्या,” साहेब शिपायाला म्हणाले आणि कचेरीच्या पायऱ्या चढले. रावसाहेबांनी रुमाल काढून मान पुसली. गर्दी पांगू लागली.

धाऊ मात्र जागचा हलला नव्हता. वकिलांची भाषा त्याला कळली नव्हती. वकिलांचं बोट कुणाकडे होतं, तेवढं कळलं होतं. तो हळूहळू जवळ आला. भिवाजीच्या तोंडाकडे बघू लागला.

“दादा,” तो म्हणाला, “माजी पारू तुमी मारली?”