गुलाबाची छाटणी

"अहो, तो नका ठेवू! तो जंगली फुटवा आहे, कलमाच्या खालून आलेला. त्याला कसलं फूल येतंय!" बायको ओट्यावरच्या खुर्चीतून ओरडली, पण तोवर माझी कात्री चालवून झाली होती.

दसरा झाला की थंडीच्या तोंडावर गुलाबाची छाटणी दरवर्षी तीच करायची. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर महिनाभर सांगताहेत, आता काठी सोडा. पण भीतीने ती सोडेना. म्हणून कात्री माझ्या हाती आली. तिने माहेराहून मांडीवर धरून आणलेल्या गुलाबाच्या सगळ्या खरबरीत फांद्या मी बुडातून उडवल्या आणि नेमका तो तुकतुकीत फुटवा तेवढा ठेवला. एसटीच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं काढली, पण असा घाम कधी फुटला नव्हता.

तिने खाली पडलेल्या फांद्यांवर नजर फिरवली. मग म्हणाली, "त्या फांद्यांच्या वीतभर कांड्या करा. गारवा पडलाय, लागतील."

"कुंड्यांत भोकं कशाने पाडू?"

"ही घ्या." तिने काठी पुढे केली.

कट्ट्यावर ओळीने कुंड्या होत्या. मी भोकं पाडत पुढे सरकत होतो आणि मागून ती कांडी खोचून अंगठ्याने माती दाबत होती. अकराव्या कुंडीशी माझ्या लक्षात आलं आणि मी वळून तिच्या पायांकडे पाहतच राहिलो.

"बघताय काय? सरका पुढे!"