डावा पीळ

पुन्हा पीळ सुटला. तलाताने गवताच्या काड्या टोपलीतून उपसल्या, पाण्यात बुडवल्या आणि पुन्हा वळल्या. दोन ओळी विणते न विणते तोच सगळं मोकळं झालं.

टोपली तिच्या लेकीची होती, अवीनपोकाची. बूड झालेलं, कडा वीतभर उठलेल्या. आजारी पडण्याआधी पोरीने ती कणगीमागे लपवली होती. सापडली ती काल, पोरीला मातीआड करून महिना उलटल्यावर. आज उत्तरक्रिया. अंगणात ज्वारीची दारू, पितो, शिजत होती, संध्याकाळी ढोलवाले येणार होते. अर्धी टोपली टाकून गेलेल्या बाईला पूर्वज आत घेत नाहीत, दारातच बसवून ठेवतात, असं गावातल्या म्हाताऱ्या सांगत. दारात बसलेली पोर तलाताच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

धाकटी जाऊ लामिसी डोकावली. "जाऊबाई, अहो, ती पोर मुळात डावखुरी. तिचा पीळ उलटा, वीण उलटी. तुमच्या उजव्या हाताला कशी दाद देईल?"

हे तलाताला ठाऊक नव्हतं थोडंच! लहानपणी पोरीने गावच्या वडीलधाऱ्यांना डाव्या हाताने पाणी दिलं आणि सगळ्या घराची मान खाली गेली. तेव्हा तलातानेच गवताची दोरी वळून तो हात पोरीच्या कमरेला बांधला. "आई, उजव्याला येत नाही गं!" म्हणून पोर रडली. मनगटावर वण उठला, तरी तलाता बधली नाही. उद्या चार लोकांत हिचा पाणउतारा नको, एवढंच तिच्या मनात होतं.

पोर शिकली. उजव्याने जेवायला, द्यायला-घ्यायला, विणायलाही. पण तिच्या टोपल्या कायम बेढब. बाजारात गिऱ्हाईक उचलून परत ठेवायचं. "तुझ्या हातात कलाच नाही," असं तलाता तिला येता-जाता ऐकवायची.

आणि ही लपवलेली टोपली! घट्ट, सुबक, कुठे काडीभर फट नाही. तलाताने तिच्यावरून बोटं फिरवली आणि तिला रडू आवरेना.

"सोडा ती," लामिसी हळूच म्हणाली. "नवी विणू. मी हात लावते."

"नवी माझी होईल गं. तिची नाही."

तलाताने डोळे पुसले. डाव्या हातातलं कडं कोपराकडे सारलं. त्याखाली मनगटाभोवती एक जुना पांढुरका वण होता. तिने काड्या डाव्या हातात घेतल्या आणि वळल्या. पीळ उलटा बसला, आणि बसूनच राहिला. पहिली ओळ अडखळत गेली, दुसरी सरळ गेली, मग हात थांबेचना.

लामिसी बघतच राहिली. "अगं बाई! तुम्हाला डावं कधीपासून येतं?"

तलाताने मान वर केली नाही.

"माझ्या आईनं हा हात बांधला, त्याच्या आधीपासून."