कडीची घंटी

फरशी पुसून पुसून कंबरडं मोडलं, तेव्हा मी दाराच्या कडीला घंटी बांधली आणि कुत्र्याच्या पिल्लाला शिकवलं, शू लागली की ही वाजवायची. पठ्ठ्या शिकला! आता घंटी वाजली की मी शिलाई मशीन सोडून धावते. उशीर झाला, तर पुन्हा फडकं. गिऱ्हाइकाचा शर्ट कालपासून अर्धाच आहे. खुर्चीतून सासरे रोज विचारतात, “सूनबाई, मलाही कोपऱ्यापर्यंत नेतेस?” पडल्यापासून ते एकटे जात नाहीत. “नेते हो, एवढी बाही लावू द्या.” बाही संपते, कॉलर येते. आज परत घंटी वाजली. “आत्ताच जाऊन आलास ना रे मेल्या!” ओरडतच मी पट्टा उचलला आणि थबकले. पिल्लू तर माझ्या पायाशी घोरत होतं. दारात सासरे उभे होते, बूट घातलेले, नाड्या सुटलेल्या. माझ्याकडे बघत त्यांनी घंटी पुन्हा, हळूच, वाजवली.