पट्ट्याची आतली बाजू

मालनताईंनी शिलाई मशीन थांबवलं, चष्मा चढवला आणि पत्रावरून बोट फिरवलं. सहीच्या जागेआधी एका इंग्रजी शब्दावर ते थांबलं.

"हा काय शब्द आहे गं?"

"डिलिजन्स," दीप्ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

साकीनाक्याच्या त्या गाळ्यात लहान मुलांच्या अधू पायांसाठी कॅलिपर बनत. पाय लोखंडी पट्टीला बांधून धरणारे चामड्याचे पट्टे मालनताई अकरा वर्षं शिवत होत्या. बाकीच्या बायका दिवसाला साठ पट्टे काढायच्या. यांचे चाळीसच्या वर कधी गेले नाहीत. आता एका इस्पितळाची मोठी ऑर्डर अडकली होती. मालक विपुलशेठ काही वाईट माणूस नव्हता. त्याने दोनदा समजावून पाहिलं, आणि मग दीप्तीला त्यांना कामावरून काढायचं पत्र टाइप करायला सांगितलं. ऑफिसचं सगळं तीच बघायची. 'कामात डिलिजन्स नाही' हे वाक्य तिनेच घातलं होतं.

म्हणजे मेहनत कमी पडते, असं तिने हळू आवाजात सांगितलं. ताई रडतील, नाहीतर भांडतील, असं तिला वाटत होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"खरंच लिहिलंय. मेहनत मी घरी करते. चौथ्या माळ्यावर पाणी चढवते. इथं नाही करत मेहनत."

"मग इथे काय करता?"

मशीनवरचा पट्टा त्यांनी काढून उलटा केला. त्याची आतली बाजू कोपराच्या लवणीत, जिथे कातडी सगळ्यात पातळ असते तिथे, दाबून घासली. ओठ हलवत वीस आकडे मोजले. पट्टा उचलला तेव्हा हातावर बारीक लाल रेघ उमटली होती. त्यांनी ब्लेड घेतलं आणि आख्खी शिवण उसवून टाकली.

दीप्ती सही न घेताच टेबलाशी परतली. शब्द तरी नेमका वापरलाय का, ते तिने मोबाइलवर शोधलं. अर्थ खाली खाली जात होते. तत्परता, चिकाटी, परिश्रम. सगळ्यात शेवटी शब्दाचं मूळ दिलं होतं, जुनं, लॅटिनमधलं. तिथे मेहनत नव्हतीच. खूप जणांतून एकाला आपलं म्हणून निवडणं, त्याला जीव लावणं, एवढंच होतं.

तिने ते पत्र आणि दुसऱ्या एका बाईने शिवलेला, तपासणीत पास झालेला पट्टा विपुलशेठसमोर ठेवला. ताई काय करतात ते सांगितलं. शेठने बाही वर केली, पट्टा कोपराच्या आत धरला आणि घासला. वीसपर्यंत तो पोचला नाही.

त्याने इस्पितळाला फोन करून आठ दिवस वाढवून घेतले. मग दीप्तीला सांगितलं, की उद्यापासून मालनताईंनी शिवायचं नाही. गाळ्यातून बाहेर जाणारा प्रत्येक पट्टा आधी त्यांच्या हाताखालून जाईल.

दीप्तीने हे जाऊन सांगितलं, तेव्हा ताई उसवलेली शिवण पुन्हा घालत होत्या. त्यांनी बरं म्हटलं. दीप्ती तिथेच घुटमळली. तिला एक गोष्ट अजून कळत नव्हती.

"पण ताई, पट्टा टोचला तर पोरं सांगतीलच ना?"

मालनताईंनी साडीचा काठ घोट्याच्या वर उचलला. पोटरीभोवती कातडीचा एक जुना, गुळगुळीत वण गोल फिरला होता.

"नाही सांगत गं. मी सहा वर्षं नाही सांगितलं. मला वाटायचं, चालताना सगळ्यांनाच दुखतं."