दोन्ही पाइप गार

"बाबा, आधी तापमानाची सुई बघा. कुठं आहे?"

"मधोमध."

"म्हणजे इंजिन तापलंय. आणि हीटर?"

"गार वारा. पायाशी बर्फाची लादी ठेवल्यासारखा."

वस्तादने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि समोरच्या गाडीचा बोल्ट आवळला. गॅरेजमध्ये सगळे त्याला वस्ताद म्हणत, आणि ते काही उगाच नाही. बाकीच्यांनी हात टेकलेल्या गाड्या त्याच्याकडे येत आणि तो नुसत्या आवाजावरून दुखणं सांगे. बापाच्या गाडीचं दुखणं मात्र थंडी पडल्यापासून त्याला सापडत नव्हतं. पाणी कमी असेल म्हणावं, तर टाकी काठोकाठ. पंखा बंद असेल म्हणावं, तर त्याची घरघर फोनवर ऐकू येत होती.

"काचेवरचं धुकं मात्र चटकन जातं बघ," बाबा म्हणाले.

"काच राहू द्या. मी विचारतो तेवढंच सांगा."

तो चिडला होता. हल्ली बाबांना सगळंच गार लागायचं. गीझर बिघडलाय म्हणून त्यांनी दोनदा माणूस बोलावला. पाणी कढत आहे असं त्याने दोन्ही वेळा सांगितलं, तर बाबांनी त्यालाच लबाड ठरवलं. शेकायला रबरी पिशवी आणली, तीही म्हणे नकली निघाली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाने दुकान बंद केलं, का, तर आजकालचे स्क्रू बोटांत राहत नाहीत, कंपन्याच फसव्या. एकदा तर एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठं पडली याचा पत्ता नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यांचं हल्ली कशातच लक्ष नसतं.

वस्तादच्या बायकोने केव्हाच निदान केलं होतं. "आई गेल्यापासून एकटे पडलेत. त्यांना गीझरवाला नकोय, घरात कुणी तरी यायला हवंय. एकदा जाऊन या की."

पटत होतं, पण पाय निघत नव्हता. कामाचं निमित्त होतंच. खरं म्हणजे आईशिवायचं ते घर त्याला बघवत नव्हतं. त्याची त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटली की तो आणखीच तुसड्यासारखा बोलायचा.

"आता बॉनेट उघडा. इंजिनाच्या मागून दोन काळे पाइप आत जातात. हीटरचं गरम पाणी त्यातूनच फिरतं. सापडले?"

"सापडले."

"हात लावून बघा. एक गरम, एक गार असेल तर हीटर आतून तुंबलाय. दोन्ही गरम असतील तर आतली झडप अडकलीये. बोला."

बाबा आत वाकले तसा फोनवर इंजिनाचा आवाज मोठा झाला.

"दोन्ही गार."

"कसं शक्य आहे? हातमोजे काढलेत का?"

"नाही रे. थंडी केवढी आहे."

"काढा आधी! आणि नुसतं बोट लावून सोडू नका. मुठीत घट्ट धरा. तापेपर्यंत सोडायचा नाही."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. वस्तादने फोन बाकावर ठेवला, त्याच्याशी ब्रेकबद्दल बोलला, गाडीखाली वाकून पाहिलं, चार थट्टेचे शब्दही झाले. मग फोनची आठवण झाली.

"बाबा? आहात ना?"

"आहे की. धरूनच उभा आहे. गारच आहे रे."

वस्तादने पाना खाली ठेवला. टाकी भरलेली, सुई मधोमध आणि दोन्ही पाइप गार, असं त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. गाडी खोटं बोलत नाही. म्हणजे बाबा बोलत होते.

त्याला भडभडून आलं. गिऱ्हाइकाला कधी घड्याळाचा खोटा पट्टा विकला नाही त्या माणसाने, आणि पोटच्या पोराला घरी बोलवायला त्याच्यावर ही पाळी यावी!

"सोडा तो पाइप, बाबा. मी येतो. आजच येतो."

"खरंच येतोस?" बाबांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "मग तूच बघशील."

वाटेत त्याच्या गाडीची काच धुरकटली. त्याने हीटर लावला, काच साफ झाली, आणि त्याला बाबांचं ते वाक्य आठवलं. गार वाऱ्याने धुकं इतकं चटकन जात नाही. बिचाऱ्यांना धड खोटंही बोलता येत नव्हतं. तो एकटाच हसला, मग डोळे पुसले.

दुपारी पोहोचला तेव्हा बाबा कानटोपी आणि हातमोजे घालून फाटकाशीच उभे होते. घरात न जाता दोघं आधी गाडीत बसले. वस्तादने गाडी सुरू केली, सुई मधोमध येऊ दिली आणि हीटरचं बटण फिरवलं. गरम वाऱ्याचा झोत त्याच्या नडग्यांवर आला. पँटमधूनही चटका बसावा इतका गरम.

त्याला राग आला नाही.

"चुकलं माझं, बाबा," तो म्हणाला. "आई गेल्यावर हे घर मला खायला उठायचं. म्हणून टाळत राहिलो. पण तुम्ही नुसतं 'ये' म्हणाला असतात तरी आलो असतो. त्यासाठी हीटरला कशाला नावं ठेवायची?"

बाबा त्याच्याकडे वळले.

"मी खोटं बोललो म्हणतोस? अरे, आत्तासुद्धा गारच येतोय की."

त्यांनी उजवा हातमोजा ओढला. तो निघेना, तेव्हा हिसका देऊन काढला, आणि वाकून हात झोतासमोर धरला.

"हे बघ. आणि पाइपही गारच होता. तू परत बोलेपर्यंत सोडला नव्हता मी."

त्यांच्या तळहातावर पाइपाच्या रुंदीचा आडवा, लालभडक पट्टा उठला होता, आणि त्यावरची कातडी हातमोज्याला चिकटून निघून आली होती.