लहान अँप्लिफायर

गिऱ्हाइकाच्या गाडीच्या डिकीतल्या सबवूफरचा, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाच्या मोठ्या स्पीकरचा, पडदा बोटाने दाबला की आत काहीतरी खरखरत होतं. पडद्यामागची तारेची कॉइल पुन्हा जळली होती.

“पोरी, तुझं फिजिक्स राहू दे. आता याहून लहान अँप्लिफायर लावू,” अप्पा म्हणाले. दुकान मला द्यायचं की विकायचं, हे ते कधीपासून टाळत होते.

“अँप्लिफायर लहान आहे म्हणूनच कॉइल जळली, अप्पा. तो कमी पडतो, म्हणून हे दादा आवाज पूर्ण चढवतात. मग आवाज फाटतो आणि कॉइल तापते.”

नवी कॉइल घालून मी सबवूफरला पेलेल तेवढ्या ताकदीचा, आधीपेक्षा मोठा अँप्लिफायर जोडला. गिऱ्हाइकाने आवाज चढवला. अप्पा डिकीत वाकून जळका वास शोधत राहिले. आला नाही.

“अप्पा, उद्या भावाची गाडी आणू?” गिऱ्हाइकाने विचारलं.

“तिला विचारा,” अप्पा म्हणाले. “दुकान आता तिचं आहे.”